घोंगडीची उजवी बाजू

विश्वेश्वरअप्पांचा शेवटचा साधा दिवस म्हणजे चैत्रातला एक रविवार. साधा म्हणजे किती साधा, तर सकाळी लिंगपूजा, कपाळाला भस्म, कपभर चहा आणि आठच्या ठोक्याला दुकानाचं शटर वर. घाटनांदूरच्या बाजारपेठेत, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं भांड्यांचं दुकान होतं. भांडं घेतलं की त्यावर नाव घालून घ्यायची रीत आपल्याकडे सगळीकडेच आहे. बाकीच्या दुकानांत करंटची मशीन चर्र करते आणि अर्ध्या मिनिटात मालकाचं नाव उमटतं. अप्पा मात्र हातानं घालायचे. छिन्नी, लहानशी हातोडी आणि ठिपक्याला लागून ठिपका. नाव झालं की त्याखाली, कुणी मागो न मागो, दोन बोटं जागेत एक चित्र काढायचे. कुणाच्या हंड्यावर चिंचेची फांदी, कुणाच्या कळशीवर मोट, कुणाच्या डब्यावर भांडणाऱ्या दोन साळुंक्या. पन्नास वर्षांत एकही चित्र त्यांनी दुसऱ्यांदा काढलं नाही, असं गाव सांगायचं. गाव थोडं वाढवूनच सांगतं. पण यात फार वाढवलेलं नव्हतं.

ही चित्रं कुठून सुचतात असं विचारलं, की अप्पा छताकडे बोट दाखवायचे. छतावर म्हणजे दुकानावरच्या खोलीत. दुपारी एक वाजला की शटर कमरेपर्यंत ओढून ते जिना चढायचे आणि तीनपर्यंत वर बसायचे. नुसते बसायचे. झोप नाही, जप नाही, पेपर नाही, रेडिओ नाही. शहाबादी फरशीवर एक काळी घोंगडी आणि पाठीला भिंत. मधे गिऱ्हाईक आलं तर त्यांच्या पत्नी महानंदाबाई आतूनच सांगायच्या, अप्पा बसलेत, तीनला या. त्यांचा मुलगा श्रीशैल दुकान बघायला लागल्यापासून म्हणायचा, अप्पा मीटिंगमधी हायेत, आणि आपल्या विनोदावर आपणच हसायचा.

गंमत अशी, की अप्पा बसायचे तेही मीटिंगला बसल्यासारखेच. चांगली चार हात घोंगडी, पण ते डाव्या अर्ध्यावर बसायचे आणि उजवा अर्धा मोकळा सोडायचे. प्रणिता, त्यांची थोरली, लहानपणी एकदा म्हणाली होती, अप्पा, ऐसपैस बसा ना. तेव्हा ते म्हणाले होते, "सगळी जागा आपुनच अडवली, तर येनाऱ्यानं बसायचं कुटं?"

येणारं कोण, ते त्यांनी सांगितलं नाही. प्रणितानंही विचारलं नाही. पण त्यानंतर काही दिवसांनी, नऊ वर्षांची असताना, ती अनवाणी जिना चढून गेली आणि दाराच्या फटीतून तिनं आत पाहिलं. अप्पा बसले होते. डोळे उघडे. मान जराशी उजवीकडे कललेली, शेजारी कुणी हळू आवाजात बोलत असावं आणि आपण ऐकत असावं तशी. मग ते हसले. तसं हसू तिनं घरात कधी पाहिलं नव्हतं; घरातलं त्यांचं हसू कामापुरतं असायचं. आणि घोंगडीची एक लांब सुरकुती त्यांच्या मांडीपासून उजवीकडे ताणली गेली होती. पलीकडच्या टोकाला कुणाचा तरी भार असल्याशिवाय घोंगडी अशी ताणत नाही. बाहेर रणरणतं ऊन होतं, खोलीत लख्ख उजेड होता आणि तिथं कुणीही नव्हतं.

प्रणिता पाय न वाजवता खाली आली. आईनं विचारलं काय झालं, तर म्हणाली, काही नाही. भीती तर वाटलीच होती. पण भीतीच्या खाली आणखी एक काहीतरी होतं, ज्याला नऊ वर्षांच्या पोरीकडे शब्द नव्हता. पुढे तिच्याकडे शब्दांना तोटा राहिला नाही. अंबाजोगाईच्या एका कॉलेजात ती ग्रंथपाल झाली, तिथंच एकटी राहायला लागली. रिकाम्या वेळेची थोरवी सांगणारी पुस्तकं तिनं पुष्कळ वाचली. कोण झाडाखाली बसलं असता त्याला काय सुचलं, कुणाला पाण्यात डुंबताना काय उमगलं. ती पुस्तकं ती मुलांना आवर्जून काढून द्यायची. वरच्या खोलीत बसणाऱ्या बापाचा विषय निघाला, की मात्र बोलणं बदलायची.

तर त्या रविवारी ती नेहमीसारखी अकराच्या बसनं घरी आली. एक वाजता अप्पा वर गेले. एक वाजून दहा मिनिटांनी ती जिना चढली, दार लोटलं आणि घोंगडीच्या उजव्या अर्ध्यावर जाऊन बसली. मांडी घालून, भिंतीला टेकून, हातात फोन.

अप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ती जिथं बसली त्या जागेकडे पाहिलं. रेल्वेत आपल्या शेजारच्या म्हाताऱ्या माणसाला कुणी धक्का देऊन उठवावं आणि आपल्याला काही बोलता येऊ नये, तसा त्यांचा चेहरा झाला.

"तितं नको, बाळ," ते म्हणाले.

"का? कोण हाय इथं?" ती हसून म्हणाली.

ते दोन्ही गुडघ्यांवर हात टेकून उठले, खाली गेले आणि त्यांनी सव्वा वाजता शटर पूर्ण वर केलं. समोरचा हॉटेलवाला बाहेर येऊन बघून गेला, घड्याळ बंद पडलं की काय म्हणून. संध्याकाळी मात्र सगळं जिथल्या तिथं होतं. ज्वारीची भाकरी, पिठलं, आणि बसस्टँडपर्यंत तिची पिशवी हातात घेऊन चालणारे अप्पा. लायब्ररीत नवीन पुस्तकं किती आली, हे त्यांनी दर रविवारी विचारायचं तसं विचारलं. दुपारचं कुणीच काढलं नाही. आईनं आधीच विचारून घेतलं होतं, वर कशाला गेलतीस? प्रणितानं सांगितलं होतं, जेवायला बोलवायला.

सोमवारी अप्पा वर गेले नाहीत. मंगळवारीही गेले नाहीत. दुकानातच खुर्चीवर बसून राहिले. मंगळवारी दुपारी दीड वाजता श्रीशैलनं त्यांना काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. हात गुडघ्यांवर होते, डोळे उघडे होते, मान उजवीकडे जराशी कललेली होती. उजवीकडे स्टीलच्या पातेल्यांची चळत होती, बाकी काही नव्हतं.

लिंगायतांत माणूस गेला की त्याला आडवं करून नेत नाहीत. बसवून नेतात आणि बसलेलाच मातीत ठेवतात. खड्ड्याच्या एका अंगाला कोनाडा कोरलेला होता. डाव्या तळहातावर इष्टलिंग देऊन, भस्म लावून अप्पांना त्या कोनाड्यात मधोमध बसवलं. मठाचे स्वामी मंत्र म्हणायला लागणार, तेवढ्यात काठावर उभ्या असलेल्या महानंदाबाई बोलल्या. आवाज रडवेला नव्हता. स्वयंपाकघरातून हाक मारावी तसा होता.

"त्येंला जरा डाव्या अंगाला सरकवा."

खाली उतरलेल्या माणसांनी वर पाहिलं. श्रीशैल म्हणाला, आई, बरोबर बसवलंय. त्यावर त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या. स्वामींनी त्यांच्याकडे पाहिलं, मग अप्पांकडे, आणि का ते न विचारता खालच्या माणसांना मान हलवून खूण केली. अप्पांना डावीकडे सरकवलं. उजवीकडे एक माणूस बसेल एवढी जागा राहिली. मग बेलाची पानं आणि भस्म पडायला लागलं. बाकी सगळे अप्पांकडे बघत होते. प्रणिता त्या मोकळ्या जागेकडे बघत होती. तिथं पडलेलं भस्म खाली बसत नव्हतं, जरा अधांतरी थांबून मग बसत होतं. वारा असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. खड्ड्यात कसला वारा?

अकराव्या दिवशी, शुक्रवारी, गणाराधनेचं जेवण ठरलं. आलेल्या घरांना गेलेल्याच्या नावाचा एकेक तांब्या द्यायचा, म्हणून श्रीशैलनं एक्कावन्न तांबे वेगळे काढले आणि अंबाजोगाईहून मशीनवर नावं घालून आणतो म्हणाला. एका दुपारचं काम. महानंदाबाईंनी भाकरी थापता थापता मान वर न करता विचारलं, "ज्यानं जन्मभर सगळ्यांची नावं हातानं घातली, त्येचं नाव करंटानं घालायचं व्हय?"

श्रीशैलच्या हातात ती कला नव्हती. ती थोडीफार प्रणिताकडे होती. शाळेत असताना सुट्टीत ती अप्पांच्या शेजारी बसून डब्यांच्या झाकणांवर अक्षरं ठोकायची. तिनं कॉलेजात रजेचा अर्ज पाठवला आणि शनिवारी सकाळी दुकानात पहिला तांब्या मांडीत धरला. दहा-बारा तांब्यांनंतर हात सरावला. सोमवारी सकाळपर्यंत एक्कावन्न तांब्यांवर 'लिंगैक्य विश्वेश्वर चन्नप्पा यांच्या स्मरणार्थ' अशी अक्षरं नीट बसली. नावाखाली प्रत्येकावर दोन बोटं जागा कोरी राहिली.

आईनं एक तांब्या उचलून उजेडात फिरवला. म्हणाली, "नाव तर रेशनकार्डावर बी असतंय."

प्रणिताला ते कळत नव्हतं असं नाही. चित्र हवं होतं. एक्कावन्न चित्रं, आणि एकही दुसऱ्यासारखं नाही, नाहीतर ते तांबे अप्पांचे झालेच नसते. तिनं कागदावर काढून पाहिलं. मोर आला, कमळ आलं, कलश आला. म्हणजे लग्नपत्रिकेवर असतं ते सगळं आलं. तिनं इतकं वाचलं होतं, पण त्यातलं एक पान मदतीला येईना.

त्याच दिवशी बाराच्या सुमारास रतनबाई भेटायला आली. शेजारच्या खेड्यातली, वर्षाचे सहा महिने ऊसतोडीला जाणारी, नुकतीच कारखान्यावरून परतलेली. आल्या आल्या तिनं फडक्यात बांधलेला पितळी हंडा पुढे ठेवला. लेकीच्या लग्नात अप्पांकडून घेतलेला. लेक पुढे बाळंतपणात गेली आणि सासरच्यांनी हंडा परत पाठवला, हे तिनं दोन वाक्यांत सांगून टाकलं. मग हंडा वळवून नावाखालचं चित्र दाखवलं. एक शेळी होती. एक कान अर्धा फाटलेला.

"ही आमची शेळी हाय," रतनबाई म्हणाली. "माझी पोर सात वर्साची होती तवा लांडग्यानं कान फाडला हिचा. पोरीनं मांडीवर घिऊन जगिवली. पुढं आमी कारखान्यावर निघताना इकली, तर पोर चार दिस जेवली न्हाई. आता मला सांग, अप्पाला कुनी सांगितलं? मी न्हाई सांगितलं. पोर तर दुकानात आलीच न्हवती."

"तुम्ही विचारलं नाही त्यांना?"

"इचारलं की. म्हनले, बाई, मी बसलो हुतो, शेळी आली." रतनबाईनं हंड्यावरून पदर फिरवला. "पोर लगनाच्या दिशी हंड्याला कवटाळून रडली. लोकांना वाटलं, सासरला जायाचं म्हनून."

रतनबाई गेली तेव्हा एकला पाच मिनिटं कमी होती. प्रणितानं शटर कमरेपर्यंत ओढलं आणि वर गेली.

त्या दिवशी काहीच झालं नाही, कारण ती बसलीच नाही. फोन पाहिला, वही उघडली, मिटली, खिडकी उघडली. रिकामं बसणं हे ओझं उचलण्यापेक्षा अवघड असतं, हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं. दोन वाजता उतरून ती भांडी पुसायला लागली.

मंगळवारी फोन आणि वही खालीच ठेवली. घोंगडीच्या डाव्या बाजूला बसली, अप्पा बसायचे तिथं. पहिला अर्धा तास डोक्यात आठवडी बाजार भरला. कुणाला निरोप द्यायचा, स्वामींना दक्षिणा किती, कॉलेजातली पुस्तकांची यादी. मग एकेक दुकान उठत गेलं. परळीकडून येणारी मालगाडी गेली. समोरच्या हॉटेलातला ग्राइंडर थांबला. आणि करायला काही नसलं की नजर जे करते ते तिच्या नजरेनं केलं. ती घोंगडीवर फिरायला लागली. डाव्या बाजूला लोकर झिजून पांढरट पडली होती. बसून बसून झिजणारच. मग तिची नजर उजवीकडे गेली. उजवीकडेही तेवढाच, तसाच, मांडीच्या आकाराचा झिजलेला पट्टा होता. जिथं पन्नास वर्षांत, तिनं घालवलेली पाच मिनिटं सोडली तर, कुणी बसलं नव्हतं.

तिच्या मांडीखालून घोंगडी हळूच उजवीकडे ओढली गेली.

झटका नव्हता. शेजारी कुणी बसलं की सतरंजी सरकते, तेवढीच. प्रणिताची मान वळेना. उजव्या खांद्याच्या बाजूची हवा जरा थंड, जरा दाट झाली होती. तिला वाटलं, आता काहीतरी सांगितलं जाईल आणि मला ते ऐकावं लागेल. आणि नेमकं त्याच वेळी तिच्या मनात तो जुना कडू विचार येऊन गेला, नऊ वर्षांच्या पोरीचा. तो आला आणि घोंगडी सैल झाली. आलेलं उठून गेलं.

ती खाली उतरली तेव्हा आई परातीपाशी बसली होती. समोर पीठ नव्हतं, काही नव्हतं. नुसती बसली होती. म्हणाली, "मघाशी बी तूच उतरलीस का? शटराखालचं ऊन हाललं."

प्रणितानं तिला सगळं सांगितलं. म्हणजे कडू विचार सोडून सगळं. विचारलं, आई, कोण येतं गं?

"मी कवा इचारलं न्हाई," महानंदाबाई म्हणाल्या. "त्येंचे दोन तास त्येंला. तेवढेच दोन तास मला बी मिळायचे की. मी हितं बसायची. सासू हुती तवर ती वरडायची, दोगं बी आळशी हायेत म्हनून." मग त्यांनी लेकीकडे नीट पाहिलं. "जागा सोडून बसलीस?"

"सोडली होती."

"जागा सोडून बी मानूस दारात आडवं हुबं ऱ्हातंय, पोरी. मग येनारं कसं येईल?"

एवढं बोलून त्यांनी परात पुढ्यात ओढली. पुढे जे तांबे वाटले गेले ते आजही घाटनांदूरच्या घरांत पाण्याला आहेत, आणि त्यांतल्या कुठल्याही दोहोंवर सारखं चित्र नाही, हे कुणीही घरोघर फिरून पडताळून पाहावं. गावातल्या गहिनीनाथ गुरवाच्या तांब्यावर काय निघालं आणि तो तांब्या तो भिंतीतल्या देवळीत का ठेवतो, याच्याही गोष्टी आहेत. पण ते सगळं बुधवारच्या दुपारनंतरचं. बुधवारी दुपारी एक वाजता प्रणिता जिना चढली तेव्हा एक्कावन्न तांबे खाली कोरेच होते, मधे गुरुवार एवढा एकच दिवस होता, आणि तिला ठाऊक होतं की आज आलेलं पुन्हा उठून गेलं तर ते या घरात परत यायचं नाही. आणि अप्पांना आपणच या खोलीतून उठवलं, ही गोष्ट मग जन्मभर तशीच राहील.

ती डावीकडे बसली. हात गुडघ्यांवर ठेवले. आज बाजारही भरला नाही. डोकं धुतलेल्या परातीसारखं होतं. ऊन खिडकीतून फरशीवर आलं, घोंगडीच्या कडेपर्यंत सरकलं. उजव्या अर्ध्यावरही पडलं, पण तिथं ते काळ्या लोकरीवर नव्हतं, लोकरीच्या वर वीतभर थबकल्यासारखं होतं, जसं खड्ड्यातलं भस्म थबकलं होतं. मग घोंगडी ताणली गेली. मांडीपासून उजवीकडे एक लांब सुरकुती पडली.

या खेपेला तिनं मान वळवली नाही, पण कलवली. वास आला. नव्या पितळेचा, भस्माचा, आणि दुकानातून आल्यावर अप्पांच्या सदऱ्याला यायचा तो घामाचा. जे नेहमी यायचं तेच आज आलं होतं, की आता येणारं वेगळं होतं, हे तिला कळेना. ते काही बोलत नव्हतं. वाट बघत होतं. दाराबाहेर उभं राहून आतलं माणूस बाजूला सरेल का, हे बघावं तसं.

कालच्यासारखा तो विचार पुन्हा वर आला. काल तिनं तो दाबला होता, तसा चौतीस वर्षं दाबला होता. घोंगडी किंचित सैल झाली. शेजारचं उठायला लागलं.

"थांबा," प्रणिता म्हणाली.

तिचा आवाज त्या खोलीत फार मोठा वाटला. खाली महानंदाबाईंना ऐकू गेला असणार. भांड्याचा एक आवाज झाला आणि मग तोही नाही.

"मी जेवायला बोलवायला आले नव्हते, अप्पा. मी मुद्दाम बसले तिथं. कुणी उठत असेल तर उठावं म्हणून बसले. तुम्ही त्याच्यापाशी हसायचात तसं आमच्यापाशी कधी हसला नाहीत. मला ती जागा पाहिजे होती. नऊ वर्षांची होते, तेव्हापासून पाहिजे होती."